बोटापासून भिंगापर्यंत

चिखलदऱ्याचे पठार १८२३ साली हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडले आणि पुढे वऱ्हाडातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे ते उन्हाळ्यातले विसाव्याचे ठिकाण झाले. उंची सुमारे अकराशे मीटर, थंड हवा, आणि खाली दऱ्याखोऱ्यांत पसरलेला तापाचा मुलूख. ताप दूषित हवेतून येतो, अशी तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’. उंचावर ताप कमी, हे निरीक्षण बरोबर होते, कारण मात्र चुकीचे होते. या चुकीचे नुकसान वर राहणाऱ्या साहेबाला झाले नाही. ते झाले खाली राहणाऱ्या कोरकू आदिवासींना, कारण हवा बदलायला त्यांच्यापाशी दुसरी टेकडी नव्हती. १८८० मध्ये लाव्हेराँने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत तोच जंतू डासाच्या पोटात सापडला. तेव्हापासून तापाचे नाव ठरवण्याचा अधिकार रक्ताच्या थेंबाकडे गेला. चिखलदऱ्याभोवतीच्या या मेळघाटातल्या माणसाचा आजार आता त्याच्या घरी ठरत नाही. तो डोंगराखाली कुठेतरी, कुणा अनोळखी माणसाच्या भिंगाखाली ठरतो. गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहता माझे म्हणणे असे आहे की इथल्या तपासण्यांमधली चूक प्रयोगशाळेत कमी होते आणि बोटापासून भिंगापर्यंतच्या वाटेत जास्त होते. आणि गुणवत्तेची राखण आपण नेमकी वाट संपते तिथून सुरू केली आहे.

हे आधी हिवतापाच्या काचपट्टीवरून पाहू, कारण खेडोपाडी पोहोचलेली पहिली मोठी तपासणी तीच. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख त्यात दगावतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचे नाव ‘निर्मूलन’ झाले. फवारणीच्या जोडीला पाहणी आली. पंधरवड्याला एकदा कर्मचारी घरोघर फिरायचा, तापाचा माणूस दिसला की बोटाला सुई टोचायचा, काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा आणि त्याच वेळी क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायचा. पट्टीवर हिवतापाचा जंतू सापडला तरच पुढचा पूर्ण उपचार. वरवर पाहता साधे काम. पण ती पट्टी जरा जवळून पाहा. काच धुतलेली आणि तेलकटपणा गेलेली हवी, नाहीतर थर सुटून येतो. जाड थर इतकाच जाड हवा की त्यातून वर्तमानपत्राची अक्षरे जेमतेम वाचता यावीत. तो सपाट जागी, सावलीत वाळायला हवा. उन्हात किंवा उशिराने पोहोचला तर रक्त काचेला असे चिकटते की रंग आत शिरत नाही. आणि वाळत असताना झाकला नाही तर माशा आणि झुरळे तो अक्षरशः खाऊन टाकतात. त्यावर भारतातच तयार झालेला जेएसबी रंग चढवायचा आणि तेलाच्या भिंगाखाली शंभर क्षेत्रे पाहायची. एका तंत्रज्ञाने दिवसाकाठी साठेक पट्ट्या पाहाव्यात, असा हिशोब धरलेला असे.

या व्यवस्थेला गुणवत्तेची चाड नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तपासलेल्या पट्ट्या फेरतपासणीला वरच्या प्रयोगशाळेत जात. जंतू सापडलेल्या सगळ्या आणि न सापडलेल्यांपैकी दहा टक्के, अशी रीत होती. पण या रीतीने काय तपासले जात होते? तंत्रज्ञाचा डोळा. माशीने खाल्लेली पट्टी फेरतपासणीतही कोरीच दिसणार, आणि दोन घरांच्या पट्ट्यांवर नंबर उलटसुलट पडले असतील तर वरच्या प्रयोगशाळेत ते कुणालाही कळणार नाही. शिवाय कार्यक्रमाचे यश मोजायचे माप होते ‘वर्षाला लोकसंख्येच्या किमान दहा टक्के रक्तनमुने’. हे प्रमाण शास्त्राला धरूनच ठरवलेले होते. पण मोजले जाते ते वाढते. नमुन्यांची संख्या वाढली, तंत्रज्ञांची तितकी वाढली नाही, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून न तपासलेल्या पट्ट्यांचे ढीग साचू लागले. महिन्याभराने मिळालेल्या निकालाने माणसाचा उपचार होत नाही, आकडेवारीचा फक्त रकाना भरतो. साठच्या दशकात देशात लाखभरापर्यंत उतरलेले रुग्ण १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर गेले. त्याची मुख्य कारणे वेगळी होती: कीटकनाशकांना न जुमानणारे डास, फवारणीतल्या तुटी, ढिला पडलेला कारभार. प्रयोगशाळेच्या माथी सगळे मारता येणार नाही. पण रोग परततो आहे, हे वेळेत सांगण्याचे काम ज्या पट्टीचे होते, ती ढिगात पडून होती.

प्रयोगशाळा चुकतात, हे मुळात मान्य व्हायलाच जगाला वेळ लागला. १९४७ मध्ये बेल्क आणि सन्डरमन या दोघांनी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवले, आणि परत आलेल्या उत्तरांत इतका फरक निघाला की डॉक्टर मंडळी हादरली. तीन वर्षांनी लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातल्या मालावर नजर ठेवायचा आलेख प्रयोगशाळेत आणला: रोज एक ठरावीक नमुना तपासायचा आणि त्याचे उत्तर रेषेपासून किती सरकले ते पाहायचे. आपल्याकडेही वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरच्या प्रयोगशाळांना असे नमुने पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहते. या सगळ्यामुळे यंत्रे आणि रसायने सुधारली, यात शंका नाही. पण प्लेबानी आणि कारारो यांनी १९९७ मध्ये इटलीतल्या पादुआच्या रुग्णालयात तातडीच्या तपासण्यांतल्या चुका मोजल्या, तेव्हा ४०,४९० तपासण्यांत १८९ चुका सापडल्या आणि त्यांतल्या ६८.२ टक्के नमुना यंत्रात जाण्याआधीच्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या अवघ्या १३.३ टक्के, उरलेल्या निकाल कळवताना झालेल्या.

पादुआचे आकडे मेळघाटाला कसे लावता, असे कुणी विचारील, आणि ते विचारायला हवेच. टक्केवारी उचलून इथे चिकटवता येणार नाही, हे कबूल. पण विचार करा: तिथे नमुना त्याच रुग्णालयाच्या वॉर्डातून येत होता. मधे डोंगर नव्हता, भरलेला नाला नव्हता, नमुना घेणारा आणि देणारा यांची भाषा एक होती. इतकी सोय असूनही दोनतृतीयांश चुका वाटेतल्या असतील, तर हतरू किंवा काटकुंभच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघून परतवाड्याच्या घाटाने अमरावतीला उतरणाऱ्या नळीच्या बाबतीत हा वाटा कमी असेल असे मानायला आधार कोणता? वेल्लोरहून येणारा परीक्षेचा नमुना नीट बांधून, थेट तंत्रज्ञाच्या टेबलावर येतो. तो आशाताईच्या पिशवीतून येत नाही. म्हणून त्या परीक्षेत पहिली आलेली प्रयोगशाळासुद्धा काटकुंभच्या बाईला चुकीचे उत्तर देऊ शकते, आणि त्यात तिथल्या तंत्रज्ञाचा काडीचाही दोष नसतो.

वाटेतली पहिली चूक तर सुई टोचण्याआधीच होते. ती नावाची. मेळघाटात कासदेकर, बेठेकर, जांभेकर, धिकार, मावस्कर, भिलावेकर अशी मोजकी आडनावे घरोघर आहेत आणि एका ढाण्यावर, म्हणजे कोरकू वस्तीवर, एकाच नाव-आडनावाच्या तीन-चार बाया निघणे ही रोजची गोष्ट आहे. कोरकू भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली. नाव लिहून घेणारा बहुधा सपाटीवरचा, वऱ्हाडी बोलणारा. तो कानाला पडेल तसे लिहितो. आज एका वहीत एक नाव, पुढच्या खेपेस दुसऱ्या वहीत त्याच बाईचे वेगळेच. वय अंदाजाने. जन्मतारीख लिहायचीच म्हणून बऱ्याच जणांची एक जानेवारी किंवा एक जून. शहरातल्या प्रयोगशाळेत माणूस ओळखायच्या ज्या दोन खुणा सांगतात, नाव आणि जन्मतारीख, त्या दोन्ही इथे पोकळ ठरतात. एकीचा निकाल दुसरीच्या कागदावर गेला तर त्याची चाहूल लागायचे साधन कोणते?

आता हिमोग्लोबिन घ्या. मेळघाटातल्या बायकांचे रक्त कमी, हे गेली कित्येक वर्षे प्रत्येक अहवाल सांगतो, आणि ते खरेही आहे. पण हा आकडा दीर्घकाळ ज्या साधनाने काढला गेला ते म्हणजे साहलीची नळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेले हे साधन आपल्या उपकेंद्रांत एकविसाव्या शतकातही होते. बारीक नळीने वीस मायक्रोलीटर रक्त ओढायचे, आम्ल घातलेल्या काचनळीत सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग थेंबथेंब शुद्ध पाणी घालत त्याचा तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. रंग जुळला की पातळी वाचायची. यात रक्त निघत नाही म्हणून बोट दाबले तर अंगातले पाणी मिसळून रक्त पातळ होते, आकडा घसरतो. बाहेर चाळीस बाया रांगेत असताना दहा मिनिटांची पाच झाली तर रंग पुरता उतरत नाही, तरीही आकडा घसरतो. नळीच्या बाहेर लागलेले रक्त पुसले नाही तर आकडा चढतो. जुळवायची काच वर्षांनी फिकी पडते. आभाळ भरून आलेल्या श्रावणात उपकेंद्राच्या खिडकीपाशी तपकिरी आणि फिका तपकिरी यांतला फरक डोळ्याला कळत नाही. दहा टक्क्यांची चूक या पद्धतीत सहज होते. म्हणजे खरे अकरा असलेल्या गरोदर बाईचे उत्तर दहाही येईल आणि बाराही. सात ही तीव्र पंडुरोगाची रेघ. खरे साडेसहा असलेल्या बाईचे उत्तर सातच्या वर आले तर तिला वरच्या रुग्णालयात पाठवायचे राहून जाते. भाषा तज्ज्ञांची असो की रुग्णाची, ‘थोडे इकडेतिकडे’ हे शब्द इथे फार महाग आहेत.

याच आकड्याला एक गोष्ट चिकटलेली आहे, आणि ती खास चिखलदऱ्याची आहे. उंचावर हवा विरळ असते, म्हणून शरीर हिमोग्लोबिन वाढवून घेते; तिथे पंडुरोगाची रेघही तितकीच वर सरकवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या तक्त्यात हजार मीटरला ही भर ०.२ ग्रॅमची होती. २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात हजार ते दीड हजार मीटरच्या टप्प्याला ती ०.८ ग्रॅम केली आहे. म्हणजे चिखलदऱ्याच्या पठारावर राहणाऱ्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन साडेअकरा आले तर यंत्र अचूक असूनही ‘नॉर्मल’ हा शेरा चूक ठरतो. धारणीच्या बाजूच्या सखल गावांना हा हिशोब लागत नाही, त्यामुळे सगळ्या मेळघाटाला एकच तक्ता लावूनही चालणार नाही. निकालाला अर्थ येतो तो नमुना कुठून आला हे कळले तरच.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत मात्र ही चूक नुसती महाग राहत नाही, ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. भारतात हा आजार लेमान आणि कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत दाखवला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि विदर्भाचे नाव या आजाराच्या नकाशावर आले. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी पुढे कित्येक दशके महाराष्ट्रातल्या आदिवासी पट्ट्यांत याचे काम केले. राज्याचा नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ च्या सुमारास सुरू झाला, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय निर्मूलन अभियानाची घोषणा झाली: सात कोटी लोकांची तपासणी, निर्मूलनाची मुदत २०४७. गावपातळीवरची पहिली चाळणी म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी. रसायन भरलेल्या नळीत रक्ताचे थोडे थेंब टाकायचे आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकल नाही, गढूळपणाने झाकल्या तर संशय. स्वस्त, झटपट, कुठेही करता येणारी चाचणी. पण रसायन हवेने आणि उष्णतेने लवकर नासते, म्हणून ते ताजे हवे. सहा महिन्यांखालच्या बाळात ती खोटे ‘नाही’ देते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते. आणि ज्याचे हिमोग्लोबिन फार उतरले आहे त्याच्यातही ती खोटे ‘नाही’ देऊ शकते, कारण थेंबात गढूळ व्हायला पुरेसे हिमोग्लोबिनच नसते. यावर जरा थांबायला हवे. सिकलच्या रुग्णाचे रक्त कमीच असते, आणि मेळघाटात त्यावर कुपोषणाची भर. ज्याला ही चाचणी सर्वांत गरजेची, त्याच्याच बाबतीत ती फसण्याची शक्यता सर्वांत जास्त. शिवाय वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांसाठी खालीच न्यावा लागतो. पहिल्या चाळणीत ‘नाही’ म्हटलेला नमुना मात्र खाली जातच नाही. त्याची चूक सापडते ती लग्नानंतर, मूल आजारी पडल्यावर.

नमुना खाली नेण्याची व्यवस्था अलीकडे सुधारली, हे नोंदवले पाहिजे. २०१७ पासून राज्याने एचएलएल लाइफकेअरमार्फत ‘महालॅब’ची सोय केली, प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने गोळा होतात, मोठ्या प्रयोगशाळेत तपासले जातात, निकाल परत येतो, रुग्णाला खर्च नाही. दुर्गम भागासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण रक्त नळीत गेल्यावरही जिवंत असते. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर त्या नळीतली साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के. सकाळी दहाला घेतलेली साधी नळी संध्याकाळी चारला फिरवली तर तिसरा हिस्सा साखर गायब. मधुमेही माणूस ठणठणीत दिसतो आणि ठणठणीत मूल साखर उतरलेले. पोटॅशियमचे उलटे: नळी घाटात हिंदकळली, पेशी फुटल्या, की आतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा चढतो. साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी वापरली, केंद्रातच पेशी वेगळ्या केल्या, तर हे टळते. वीज असेल तर, आणि यंत्र फिरवणारा त्या दिवशी हजर असेल तर.

मग नमुना नेताच कशाला, तपासणीच गावात न्या, असे आज पुष्कळ जण म्हणतात, आणि या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. हिवतापाची झटपट पट्टी, डिजिटल हिमोग्लोबिनमीटर, सिकलसाठी निघालेल्या नव्या पट्ट्या, क्षयासाठी गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट: वाट जितकी तुटते तितकी चूक घटते. पण वाट पुरती नाहीशी होत नाही, तिची दिशा उलटते. आधी रक्त डोंगर उतरायचे, आता पट्टी डोंगर चढते. हिवतापाच्या पट्ट्या सहसा तीस अंशांपर्यंत ठेवायच्या असतात, आणि त्या ज्या अकोला-अमरावतीच्या सपाटीवरून वर येतात तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो. गोदामात किंवा गाडीच्या पत्र्याखाली चार दिवस काढलेली पट्टी दिसायला नव्यासारखीच असते. तापाचा रुग्ण समोर, पट्टीवर एकच रेघ, आणि ‘हिवताप नाही’ म्हणून तो घरी जातो. शिवाय काही पट्ट्या ज्या प्रथिनावर चालतात ते औषधाने जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहते, त्यामुळे बरा झालेला माणूस पुन्हा आजारी ठरतो. काचपट्टी निदान पुन्हा पाहता येत होती. झटपट पट्टीची फेरतपासणी कशी करायची, याची रीत गावपातळीवर अजून रुजलेली नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही कळकळीचे आहेत. पहिला असा की जिथे डॉक्टर टिकत नाही, पावसाळ्यात रस्ता तुटतो, १९९३ पासून बालमृत्यूंवरून न्यायालयात दाद मागावी लागली, तिथे तपासणीच्या बारीक चुका काढणे ही चैन आहे. कशीबशी तपासणी मुळीच नसण्यापेक्षा बरी. दारिद्र्य आणि भूक हीच मूळ कारणे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण कशीबशी तपासणी नेहमीच बरी असते, हे मान्य नाही. तपासणी झाली नसेल तर डॉक्टर लक्षणे पाहतो, पापणी ओढून पाहतो, संशय जागा ठेवतो. कागदावर ‘नॉर्मल’ आले की संशय मिटतो. मोठ्या रुग्णालयात चुकीचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत उघडा पडतो. चुर्णीच्या दवाखान्यातून गावी परतलेल्या बाईची दुसरी तपासणी कधी होईल कोण सांगणार? साधने कमी तिथे चूक परवडत नाही, कारण ती दुरुस्त करायला दुसरी संधी नसते.

दुसरा आक्षेप असा की चुका उघड केल्या तर लोकांचा विश्वास उडेल आणि ते पुन्हा भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, वळतील. बाळाच्या पोटावर डम्म्याचे चटके देण्याची प्रथा आधीच कष्टाने मागे सरते आहे. ही भीती खरी आहे. पण भूमकावरचा विश्वास कशाने टिकला, हेही पाहावे. तो त्याच ढाण्यावर राहतो, रुग्णाला नावाने ओळखतो, दुसऱ्या दिवशी घरी येऊन बसतो. दवाखान्याने बोटाला सुई टोचली आणि निकाल कधी कळवलाच नाही, असे दोनदा घडले की तिसऱ्यांदा हात पुढे येत नाही. न पोहोचलेला निकाल हीसुद्धा तपासणीची चूकच आहे. वहीत ती चूक म्हणून लिहिली जात नाही, एवढेच.

तेव्हा मोजायचे काय? तपासणीच्या वहीत आज नमुन्यांचा आकडा असतो. त्याशेजारी रक्त किती वाजता घेतले, किती वाजता फिरवले, किती वाजता पोहोचले आणि निकाल कोणत्या दिवशी माणसाच्या हातात पडला, हे चार रकाने असावेत, आणि नाकारलेल्या नमुन्यांचा पाचवा. तंत्रज्ञाने नमुना नाकारला तर त्याला बोलणी बसू नयेत. प्रयोगशाळेची परीक्षा घ्यायची तर तिचा ओळखीचा नमुना टेबलावर न देता सेमाडोह किंवा टेंब्रुसोंड्याच्या केंद्रातून, आशाताईच्याच पिशवीतून, बाकीच्या नळ्यांच्या सोबतीने पाठवावा. सोल्युबिलिटीत ‘नाही’ आलेल्यांपैकी ज्यांचे हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, त्या सगळ्यांचे रक्त पुढच्या तपासणीला जावे. यातले काहीही खर्चिक नाही.

फेरतपासणी कधी करायची, याचे उत्तर मात्र अमरावतीच्या कचेरीतल्या वार्षिक आराखड्यात नाही. दिवाळी झाली की मेळघाटातली कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी सपाटीवर उतरतात. जानेवारी-फेब्रुवारीत निकाल घेऊन गेलेल्या आरोग्यसेविकेला कुलूप भेटते, आणि मार्चअखेरीस उद्दिष्ट पुरे करायची घाई सुरू असते. पण होळीला कोरकू माणूस कुठेही असला तरी घरी येतो. पाचेक दिवस गावे भरलेली असतात, रस्त्यावर दोर आडवा धरून फगवा मागितला जातो, आणि ज्या नावांपुढे वहीत वर्षभर ‘स्थलांतरित’ असा शेरा होता ती माणसे आपापल्या अंगणात बसलेली सापडतात.